खारट लाकूड

त्या वर्षी अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या आमच्या घरात नीट टेकून कुणी बसतच नसे. बसलंच तर खुर्चीच्या कडेवर, लगेच उठायचंय अशा बेतानं. बाबांचा केमिकल प्लांट बंद पडला होता आणि एवढी वर्षं भल्या सकाळी घराबाहेर पडणारा माणूस दिवसभर घरात होता. रिकामं राहणं बाबांना ठाऊकच नव्हतं. आधी त्यांनी मिक्सर उघडला, मग कुकरच्या शिट्ट्या घासून काढल्या, मग चांगल्या चालणाऱ्या वॉशिंग मशीनला हात घातला आणि ते गळायला लागलं. घरामागून न्यूयॉर्कला जाणारी रेल्वे होती. सकाळच्या गाड्या माणसांनी भरून जायच्या तेव्हा बाबा चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीत उभे असायचे. ते कधीच त्या गाडीनं कामाला गेले नव्हते, पण ती दिसेनाशी होईपर्यंत असे बघत राहायचे, जणू त्यांचीच चुकली आहे.

आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासून यायची, दारातच बूट काढायची आणि कोट अंगात असतानाच कुकर लावायची. बाबा म्हणायचे, "अगं, जरा बस." ती म्हणायची, "बसले की उठवणार नाही." आणि मी? मी कॉलेजला बायोलॉजी घेतलं होतं, कारण पुढे मेडिकलला जायचं हे आमच्याकडे आणि आमच्या ओळखीच्या प्रत्येक काका-काकूंकडे ठरलेलं होतं. पुस्तक उघडलं की माझा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागायचा. "सुनू, पाय हलवू नकोस, वरणाची वाटी सांडेल," असं आई म्हणायची. पाय थांबवला की बोटं वाजायला लागायची. फ्रीज उघडायचा, बंद करायचा, अंगणात जायचं, परत यायचं. हल्ली याला डॉक्टरांकडे नाव आहे, गोळी आहे. तेव्हा आई फक्त म्हणायची, "हिच्या अंगात वारं शिरलंय."

गिटार कुठून आली? कॉलेजच्या एका जिन्यात एक मुलगी पायरीवर बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती, कशालाच न जोडता, त्यामुळे नुसता बारीक खणखण आवाज येत होता. सगळे तिचं वाजवणं ऐकत होते. मी मात्र त्या गिटारच्या टवका उडालेल्या कडेकडे बघत होते. रंगाखाली लाकूड दिसत होतं. मला वाटलं, अरे, हे तर नुसतं लाकूड आहे. लाकूड कापता येतं. हायस्कूलमध्ये मी सुतारकामाचा वर्ग घेतला होता, आणि तोही एवढ्याचसाठी की त्या वर्गात सगळा वेळ उभं राहायला मिळायचं. गिटार घेऊन द्या म्हणण्याचे ते दिवस नव्हते. पण करून बघायला कोण अडवणार होतं?

हायवेलगतची जुनी बोलिंग ॲली तेव्हा पाडत होते. बाबा मला स्टेशनवरून घरी आणत होते आणि मला काचेतून तो ढीग दिसला. ज्या लांब पट्ट्यांवरून चेंडू घरंगळत सोडायचे, त्या पट्ट्यांचे कापून तुकडे केले होते आणि ते कचऱ्यात जायचे होते. मी ओरडले, "बाबा, स्टॉप!" त्यांना वाटलं मला मळमळतंय. तिथल्या माणसानं विचारल्यावर हात झटकला, हवं ते न्या म्हणाला. आम्ही दोन मोठे तुकडे गाडीच्या टपावर चढवले आणि डिकीत पडलेल्या आईच्या जुन्या सुती साडीनं बांधले. ते मेपलचं पिवळसर लाकूड होतं, दगडासारखं कठीण. घरी येऊन मी लगेच करवत लावली आणि पहिल्याच झटक्याला पात्याचे दात उडाले. त्या पट्ट्या एकमेकींना आतून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात हे मला कुठून ठाऊक असणार?

तो आवाज ऐकून बाबा गॅरेजमध्ये आले. त्यांनी करवतीचं पातं बघितलं, लाकूड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आधी खिळे कुठे आहेत ते शोधू," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी फ्रीजच्या दारावरचं एक लोहचुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि लाकडावरून हळूहळू फिरवायला लागले. जिथे ते ओढलं जायचं तिथे खडूची खूण. त्या दुपारपासून बाबा मागच्या खिडकीत उभे राहिलेले मला आठवत नाहीत.

आमचं दोघांचं अजिबात जमायचं नाही. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्यांच्यातलं अंतर एका ठरावीक प्रमाणात कमी होत जातं आणि ते केसभर चुकलं तरी सूर चुकतो. बाबा कॅल्क्युलेटर घेऊन बसले की उठायचे नाहीत. मी तोवर कानस हातात घेऊन येरझाऱ्या घालायचे.

"मोज," ते म्हणायचे.

"आय डिड."

"परत मोज."

"बाबा, आय जस्ट डिड!"

"मराठीत मोज, म्हणजे बरोबर येईल."

पिकअप मात्र आम्हा दोघांच्याही हातून होईना. तारांची थरथर विजेत उतरवणारी ती एक छोटी गुंडाळी असते. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारदा गुंडाळायची, आणि मध्ये तुटली की पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी तार तोडली, मी तोडली, मग आम्ही आळीपाळीनं तोडली. शेवटी आईच्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायचं जे चाक असतं, त्यावर हे करावं असं बाबांच्या डोक्यात आलं. आई म्हणाली, "माझं मशीन त्या भुश्शात न्यायचं नाही." मग तार आत आली. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला झाकून ठेवलेली कणीक आणि दुसऱ्या बाजूला मशीन. आईनं चष्मा लावला, आमच्याकडे न बघता दोन बोटांच्या चिमटीतून तार सोडायला सुरुवात केली आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत शेवटपर्यंत गुंडाळून टाकली. एकदाही तुटली नाही. "झालं? आता टेबल मोकळं करा, पोळ्या लाटायच्यात," ती म्हणाली.

ती पहिली गिटार पाट्यासारखी जड झाली होती. जुन्या स्पीकरला जोडली तर आधी तिच्यातून रेडिओवरची बेसबॉलची कॉमेंट्री ऐकू आली, कारण आम्ही आतली वायर नीट झाकली नव्हती. पण त्या कॉमेंट्रीच्या मधून मी तार छेडली तेव्हा जो आवाज आला, तो आमच्या गॅरेजचा आवाज नव्हता. लांबच लांब, न विझणारा. बाबांनी तो पूर्ण संपेपर्यंत डोळे मिटून ऐकला. "शैला!" त्यांनी आईला हाक मारली. ती फोडणीचा चमचा हातात घेऊन आली, ऐकलं आणि म्हणाली, "यात मॅच चालू आहे वाटतं."

ज्या दुकानातून मी तारा आणल्या होत्या, तिथे लॉरेन कामाला होती. चाळिशीची, उंच, आणि संध्याकाळी जवळच्या न्यू ब्रन्सविकच्या एका बारमधल्या बँडमध्ये वाजवणारी. मी गिटार केलीय यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून ती बघायला घरी आली. आईनं पोहे केले. लॉरेननं दोनदा घेतले आणि मग ती जड गिटार गळ्यात अडकवून अशी वाजवली की आमच्या खिडक्या थरथरल्या. वाजवून झाल्यावर खांदा चोळत ती म्हणाली, "आवाज सुंदर आहे, पण ही घेऊन मी उभी राहिले तर जमिनीत जाईन. माझ्यासाठी हलकी करशील?"

माझ्याकडे कुणीतरी, एका तिऱ्हाइतानं, काहीतरी मागितलं होतं. त्या आनंदात मी हो म्हणून बसले आणि मग हलकं लाकूड शोधत सुटले.

ते मिळालं नदीकाठच्या एका बंद पडलेल्या लोणच्याच्या कारखान्यात. इकडचं लोणचं म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या. त्यांची माणसाच्या उंचीहून मोठी लाकडी पिंपं उन्हापावसात पडून होती. सायप्रसच्या जाड फळ्या, हलक्या, सरळ रेषांच्या, मधासारख्या रंगाच्या. रखवालदार हव्या तेवढ्या आनंदानं द्यायला तयार होता. कापायला सुरुवात केली तेव्हा सगळं गॅरेज आंबट वासानं भरून गेलं, आणि कपडे वाळत घालताना आई कुरकुरली की तुम्हा दोघांच्या शर्टांना भूक लागल्यासारखा वास येतो. मला मात्र धीर नव्हता. लाकूड हाताला कोरडं लागत होतं, तेवढं मला पुरे होतं. अंग पिंपाच्या लाकडाचं, मान बोलिंग ॲलीच्या मेपलची, दोन्ही सरसानं जोडलेली. बाबा एकदा म्हणाले, "सरस अजून चिकट लागतोय, आठवडाभर थांबू." मी म्हटलं, "लॉरेनला शुक्रवारी हवीय." आणि ते गप्प बसले, कारण त्याच शुक्रवारी त्यांचा इंटरव्ह्यू होता आणि त्यांचं अर्धं चित्त तिकडे लागलं होतं.

दूर दक्षिणेतल्या ह्यूस्टनच्या एका कंपनीची माणसं जवळच्या नूअर्क शहरातल्या हॉटेलात मुलाखती घेत होती. बाबा सूट घालून गेले, दुपारी परत आले, टाय न सोडताच मला म्हणाले, "चल, गाडी मी ड्राइव्ह करतो." इंटरव्ह्यू कसा झाला हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ऑगस्टचा दमट उकाडा होता. बारमध्ये दुपारी कुणी नव्हतं, लॉरेन आणि तिचा ड्रमर तेवढे सामान लावत होते. तिनं गिटार उचलली आणि तिचा चेहराच बदलला. "पिसासारखी आहे गं!" तिनं ती जोडली, तारा लावल्या, एक सूर काढला. मग दुसरा. मी श्वास सोडला. तेवढ्यात काडी मोडावी तसा आवाज झाला. तारांच्या ओढीनं मान पुढे झुकली, जोड उघडला आणि सगळ्या तारा एकदम सैल पडल्या.

मला तिथून पळायचं होतं, दारापर्यंत गेलेही. मागे वळून बघितलं तर बाबांनी लॉरेनच्या हातातून गिटार घेतली होती. ते जोडाची आतली बाजू उजेडाकडे धरून बघत होते, बोटानं चाचपत होते. मग सूट घातलेला, केस विंचरलेला तो माणूस वाकला आणि त्यानं लाकडाला जीभ लावली.

"युअर डॅड," लॉरेन मला हळूच म्हणाली, "इज लिकिंग माय गिटार."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. "सुनू, मीठ!" ते म्हणाले. "अगं, मुरलंय ते! हे लाकूड वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. सरस कसा वाळणार? जन्मात वाळला नसता!" आणि ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खुर्ची धरून, मोठमोठ्यानं. लॉरेन हसायला लागली, ड्रमर हसायला लागला. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि यातलं कुठलं आधी आलं ते आज सांगता येणार नाही.

मग आमच्या घरातला बाथटब गेला. उरलेल्या फळ्या त्यात गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्या. पाणी बदलायचं, बाबांनी चव बघायची, परत बुडवायच्या. आम्ही तिघं बाजूला बादली घेऊन आंघोळ करायचो. आई म्हणायची, "अमेरिकेत येऊन एवढी वर्षं झाली, शेवटी नागपूरलाच आणून सोडलंत मला." पण तिनं टब मोकळा करा असं एकदाही म्हटलं नाही.

ह्यूस्टनचा फोन आला तो नेमका त्याच दिवसांत. नोकरी मिळाली होती. बाबांनी दोन दिवस हे कुणाला सांगितलंच नाही. त्या माणसांचा पुन्हा फोन आला तेव्हा तो आईनं घेतला. ती बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबा टबाशी उकिडवे बसले होते.

"अहो, त्यांना उत्तर हवंय."

"देतो ना. हे जरा वाळू दे."

"लाकूड वाळेपर्यंत कंपनी थांबणार आहे?"

बाबा पाण्यात हात फिरवत राहिले. "शैला, इतकी वर्षं मी प्लांट चालवले. टाक्या भरल्या, टाक्या रिकाम्या झाल्या. माझ्या हातून झालेली एक वस्तू मला दाखव. एक. पहिली गिटार कुणाला पेलवत नाही, ही दुसरी मोडली. ती नीट झालेली मला बघायची आहे."

आई तिथेच जमिनीवर बसली. तिला कामावरून आल्या आल्या असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग ती म्हणाली, "सुनू करेल की पुरी. तुम्ही जा. मला इथली नोकरी सोडता येणार नाही, तिचं कॉलेज आहे. सुट्टीला या. पण जा. असं घरात तुम्हाला बघवत नाही मला." मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. बाबा पुढच्याच आठवड्यात गेले. विमानतळावर त्यांनी मला आईची काळजी घे वगैरे काही सांगितलं नाही. "दर रविवारी फळ्यांचं वजन कर," म्हणाले. "कमी व्हायचं थांबलं की समजायचं, वाळलं."

मला थांबायला शिकवलं ते त्या फळ्यांनी, असं लिहायचा मोह होतो. खरं तर मी काही शिकले नाही, मी नुसती तडफडले. गॅरेजमध्ये जायचं, फळ्यांना हात लावायचा, परत यायचं. परत मोज म्हणणारं कुणी नव्हतं. त्यांच्याशी भांडायची इतकी सवय झाली होती की एकटी काम करताना माझा हात चालेना. बाहेर पानं गळाली, बर्फ पडला. रविवारी बाबांचा फोन यायचा. तिकडे उकडतंय, खिचडी केली होती, खाली लागली. मग, "वजन?" मी वजन सांगायचे. "अजून थांब."

अशाच एका दुपारी आई मटार सोलत होती आणि मी तिच्यासमोर बसून पाय हलवत होते. तिनं पाय हलवू नकोस म्हटलं नाही, म्हणून की काय, माझ्या तोंडून निघून गेलं. "आई, मला डॉक्टर नाही व्हायचं."

ती सोलत राहिली. "ठाऊक आहे मला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." तिनं दाणे वाटीत टाकले. "मला इथे यायचं नव्हतं, सुनू. मी नागपूरला कॉलेजात शिकवत होते. पोरींना मायक्रोस्कोपमधून पहिल्यांदा काही दिसलं ना, की त्या किंचाळायच्या. फार छान वाटायचं. तुझ्या बाबांचं इकडचं ठरलं, आणि सगळे मला निरोपच द्यायला लागले. तुला जायचंय का, असं कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. बोलायचं असतं हेच माहीत नव्हतं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू बोललीस ते बरं केलंस. पण डिग्री पुरी कर. अर्धवट सोडलेलं मला चालणार नाही, मग ते कॉलेज असू दे नाहीतर तुझं लाकूड."

मी तेव्हा एवढंच ऐकलं की मला परवानगी मिळाली. बाकीचं ऐकू यायला मला बरीच वर्षं लागली. आता आई माझ्याजवळ असते. तिला कमी ऐकू येतं. त्या कॉलेजातल्या पोरींची नावं मात्र ती अजून सांगते, आणि हल्ली मी ती विचारते.

फळ्यांचं वजन उतरायचं थांबलं तेव्हा अंगणातला बर्फ वितळत होता. मी गिटार पुन्हा पहिल्यापासून केली. पिकअपसाठी आईनं नवी गुंडाळी केली. सरसाला या वेळी हवा तेवढा वेळ दिला. लॉरेननं ती बारमध्ये नेली, वाजवली, आणि आठवडाभरानं फोन करून सांगितलं की जोड जागचा हललेला नाही आणि ती आता दुसरी कुठली गिटार हातात घेत नाही. तिच्याच ओळखीचा एक माणूस मॅनहॅटनमध्ये वाद्यं दुरुस्त करायचा. त्यानं तिची गिटार उलटीसुलटी करून पाहिली होती आणि विचारलं होतं, ही कुणी केली? तिला माझ्याकडे पाठव. कॉलेज नसेल त्या दिवशी ये, असं त्यानं मला सांगितलं. मी जाऊन आले. त्याच्या दुकानात भिंतीभर मोडकी वाद्यं टांगलेली होती आणि तो काम करताना एक अक्षर बोलत नव्हता. सोमवारपासून, कॉलेज सांभाळून, कामाला ये म्हणाला.

रविवारी बाबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. मेडिकलचं, दुकानाचं, एका दमात, इंग्रजीत सुरू करून मराठीत संपवलं. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. बाबांनी माझ्या डॉक्टर होण्याबद्दल किती जणांना सांगून ठेवलं होतं ते मला माहीत होतं. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, पण तिचे हात थांबले होते.

"काम काय असतं तिथे?" बाबांनी शेवटी विचारलं.

"मोडलेल्या गिटारी नीट करायच्या."

"हं." परत पंखा. "दुपारी जेवायला सुट्टी देतात?"

"देतात, बाबा. अर्धा तास."

"मग डबा ने. बाहेरचं काहीबाही खाऊ नकोस."

मी फोन ठेवला. आईनं मागे न वळता विचारलं, "काय म्हणाले?"

"डबा ने म्हणाले."

तिनं मान हलवली, आणि भाजीला काय आहे ते बघायला फ्रीज उघडला.